शस्त्रक्रिया करायची की नाही: अमळनेरच्या मांडे करणाऱ्या आक्कांचं प्रकरण

वय ४६, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९१ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३७.९. मधुमेह नऊ वर्षांपासून. दोन गोळ्या पूर्ण मात्रेत चालू असूनही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.१. रक्तदाबाची एक गोळी. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजव्याची जास्त. रात्री घोरणं, दिवसा डुलक्या. आहार पूर्ण शाकाहारी, गळ्यात तुळशीची माळ. मुक्काम अमळनेर तालुका, थोडी कोरडवाहू शेती, घरात नवरा आणि सासू, मुलगा-सून नाशिकला. व्यवसाय: लग्नाकार्यात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे करून देणं.

सगळे त्यांना आक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. मी आहारतज्ज्ञ आहे. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याचं कारण असं की आमच्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, 'चांगलं पोट कापून घेतलं'. दुसरी, 'अमक्याची बायको बघ कशी बारीक झाली'. मधले महिने, ज्यात माणूस खरा निर्णय घेतो, ते कुणी सांगत नाही.

त्या का आल्या

२०२५च्या जूनमध्ये, लग्नसराई संपल्यावर, आक्का सुनेसोबत आल्या. नात्यातल्या एका बाईंची सुरतेला स्लीव्हची, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची, शस्त्रक्रिया झाली होती, तशीच आपली करून घ्यायची, एवढं ठरवून. मी विचारलं, वजन कमी झालं तर तुमच्या दिवसात नेमकं काय बदलायला हवं आहे? कपडे, दिसणं, लोक, यातलं काही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी चूल सांगितली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. मांडा म्हणजे नुसती मोठी पुरणपोळी नव्हे. सैलसर मळलेल्या कणकेत पुरण भरून तो गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि उपड्या तापलेल्या खापरावर टाकायचा. पाटावर, धगीपुढे, चार-चार तास बसून. चार-पाच बाया मिळून ऑर्डर घेतात, पण हातावर पसरवणारी एखादीच असते, आणि आक्कांच्या गटात त्या स्वतः. गेल्या दोन वर्षांत पाटावरून उठताना दोघींनी हात द्यावा लागायचा. त्याहून वाईट म्हणजे एका लग्नात चुलीपुढे बसल्या बसल्या डोळा लागला आणि मनगट खापराला टेकलं. भाजल्याचा डाग मला दाखवून त्या म्हणाल्या, "ताई, माले खापर सोडनं नही."

हे वाक्य मी केसपेपरवर तसंच लिहून ठेवलं. पुढे प्रत्येक फाट्यावर ते उपयोगी पडलं, कारण कोणता उपाय चांगला हे हवेत ठरत नाही. या बाईला काय टिकवायचं आहे त्यावर ठरतं.

आधी काय काय केलं होतं

बरंच केलं होतं. दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रयोग: आठ किलो उतरले, वर्षाच्या आत दहा चढले. ओळखीतल्या कुणी विकलेली शेकची पावडर. सकाळी गरम पाण्यात लिंबू. पहाटे चालणं, गुडघ्याने बंद पाडलं. प्रत्येक वेळी वजन परत आलं की घरात एकच वाक्य, 'तोंडाला कुलूप लाव.'

या वाक्याशी माझं भांडण आहे. वजन उतरलं की शरीर त्याला संकट समजतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं, आणि बसल्या जागी जळणारी ऊर्जाही कमी होते. हे बदल वर्षभरानंतरही टिकून राहतात असं मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे वजन उतरवलेली बाई तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या बाईपेक्षा जास्त भुकेली असते आणि तिला कमी अन्न पुरतं. त्यात आक्कांचं कामच असं की ऑर्डरच्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत चहावर राहायचं, पुरण चाखत राहायचं आणि रात्री घरी येऊन एकदम जेवायचं. त्याला आळस म्हणणाऱ्याने एक दिवस त्या चुलीपुढे बसावं.

तरीही 'सगळं करून झालं' हे मी मान्य केलं नव्हतं. मधुमेहाच्या गोळ्यांपलीकडे वैद्यकीय असं काहीच झालेलं नव्हतं. झोपेची तपासणी नव्हती. वजनाच्या औषधांचा विचार नव्हता. म्हणून पहिल्या भेटीत मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फिजिशियनकडे पाठवलं.

आकडे काय सांगतात

भारतीय शरीरात कमी बीएमआयलाही पोटाची चरबी आणि मधुमेह जास्त आढळतो, म्हणून आपल्याकडच्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठीची रेषा पाश्चात्त्यांच्या जुन्या रेषेपेक्षा खाली ओढली आहे: वजनाशी जोडलेले आजार असतील तर ३२.५ च्या पुढे, नसतील तर ३७.५ च्या पुढे. आक्का दोन्ही रेषांच्या वर होत्या. डॉक्टरांच्या दृष्टीने पात्रतेचा प्रश्न तिथेच संपला.

विम्याच्या दृष्टीने संपला नव्हता. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय ४० लागतो. किंवा ३५ आणि सोबत यांपैकी एक: लठ्ठपणातून झालेला हृदयस्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेतला गंभीर श्वासरोध, किंवा काबूत नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय कमी त्रासाचे उपाय आधी करून फसलेले असायला हवेत. या यादीत गुडघे नाहीत. आक्का ज्या दुखण्यासाठी आल्या होत्या त्याची विम्याच्या कागदावर काही किंमत नव्हती. ज्या साखरेबद्दल आणि घोरण्याबद्दल त्या क्वचितच बोलत, त्याला होती. मुलाच्या पॉलिसीत आईवडील पाच वर्षांपासून होते, त्यामुळे आधीच्या आजारांची प्रतीक्षा संपलेली. उपाय फसल्याचा पुरावा मात्र कुणी जपला नव्हता. तो अमळनेरच्या त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे निघाला. त्या भल्या माणसाने दर भेटीला वजन आणि साखर लिहून ठेवली होती. वजन करून घेताना ते कागदावर उतरवायला सांगा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

झोपेची तपासणी झाली. तासाला ४१ वेळा श्वास अडत होता. ३० च्या पुढे गंभीर धरतात. चुलीपुढच्या डुलकीचं कारण कळलं. भूल देण्याआधी हे कळणं किती गरजेचं होतं हे वेगळं सांगायला नको. झोपेत नाकावाटे दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन भाड्याने आणलं. गावात रात्री वीज जायची तेव्हा ते बंद पडायचं आणि आक्का दचकून उठायच्या. मुलाने इन्व्हर्टर बसवला. तीन आठवड्यांत दिवसाच्या डुलक्या थांबल्या. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणाले, "मग झालं की, ऑपरेशन कशाला?" प्रश्न रास्त होता. थकवा गेला होता. साखर ९ च्या आसपासच होती आणि गुडघे तसेच.

इंजेक्शनचा पर्याय

२०२५च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं, त्यामुळे सूनबाईंचा पहिला प्रश्न या इंजेक्शनांचाच होता. आठवड्याला एक टोचणी. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास आणि टिर्झेपटाइडच्या वरच्या मात्रेने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. मधुमेह असलेल्यांत उतार यापेक्षा काहीसा कमी असतो. मी हे औषध कमी लेखत नाही. बीएमआय ३० असता तर मी आक्कांना तिकडेच वळवलं असतं.

अडचण दोन ठिकाणी होती. औषध थांबलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे हे रक्तदाबाच्या गोळीसारखं कायमचं आहे. आणि त्या वेळी टिर्झेपटाइडच्या सुरुवातीच्या मात्रेचाच महिन्याचा खर्च १४ हजारांच्या घरात होता, तोही खिशातून, कारण दाखल न होता घेतलेल्या औषधाला त्यांच्या पॉलिसीत जागा नव्हती. आक्कांनी हिशेब बोटांवर केला: एका लग्नाच्या ऑर्डरचे सगळे पैसे एका महिन्याच्या औषधात. "आणि ज्या महिन्यात ऑर्डर नाही त्या महिन्यात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्लीव्ह की बायपास

या प्रकरणातली खरी गुंतागुंत इथे आहे, आणि नातेवाइकांच्या अनुभवावर शस्त्रक्रिया निवडणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते केळाएवढी नळी. घ्रेलिन तयार करणारा भागही बराचसा निघून जातो, म्हणून भूकही ओसरते. आतडी जागच्या जागी राहतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. वजन दोन्हींनी बरंच उतरतं, बायपासने थोडं जास्त. साखरेवर आणि आम्लावर बायपासचा परिणाम सरस. उलट बाजूला बायपासनंतर लोह, कॅल्शियम आणि बी१२ कमी शोषलं जातं, आणि जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका आयुष्यभर राहतो.

आक्कांना स्लीव्ह हवी होती. नाशिकच्या सर्जननी दुर्बिणीतून पाहिलं तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लाने भाजल्याचे चट्टे होते आणि लहानसा हायेटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला. 'पित्त होतं' म्हणून आक्का वर्षानुवर्षं खायच्या सोड्यावर भागवत होत्या. स्लीव्हनंतर आम्ल वर येणं बऱ्याच जणांत वाढतं. आधीच चट्टे असलेल्या बाईला ते देणं सर्जनना पटेना. त्यांनी बायपास सुचवला.

बायपासच्या वाटेत दोन गोष्टी आडव्या होत्या, आणि त्या दोन्ही आक्कांच्या कनवटीला होत्या.

पहिली, गुडघ्याच्या गोळ्या. ऑर्डरच्या दिवशी सकाळी एक, दुपारी एक, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, नाव कुठलंही असो, बायपासनंतर या जातीच्या वेदनाशामकांनी जोडावर व्रण होतो, कधी तो फुटतोही. त्या कायमच्या बंद. दुसरी गोष्ट तिसऱ्या भेटीत कळली, तीही सून बाहेर गेल्यावर: मिश्री. सकाळी एकदा, ऑर्डरवर असल्या तर तीनदा. तंबाखूनेही तोच व्रण होतो, जखम भरायला उशीर लागतो, आणि भुलेचा धोका वाढतो तो वेगळाच. माळ घातलेली बाई मिश्रीबद्दल बोलायला लाजली. मी एवढंच म्हटलं की बोललात म्हणून आता काही करता येईल, आणि माझ्यापुरतं तेव्हाच ठरवलं की मिश्री सुटल्याखेरीज मी होकाराच्या बाजूने बोलणार नाही.

म्हणजे पेच असा: आम्लामुळे स्लीव्ह नको, आणि गोळ्या-मिश्रीमुळे बायपास नको. यांतलं आम्ल आक्कांच्या हातात नव्हतं. गोळ्या आणि मिश्री होत्या.

सहा आठवड्यांची रंगीत तालीम

मला शस्त्रक्रियेआधी एक गोष्ट पाहायची होती: नंतरचं जगणं या घरात, या चुलीवर बसतं का? शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची असते. नंतरचं जेवण आणि औषधं मरेपर्यंत असतात. म्हणून जुलैच्या शेवटापासून सहा आठवडे आक्कांनी शस्त्रक्रिया झाल्यासारखं वागून पाहायचं ठरलं. जेवण छोट्या वाटीत, घास बारीक चावून, अर्धा तास लावून. जेवताना पाणी नाही. पाणी अर्ध्या तासाने, घोट घोट. प्रत्येक जेवणात आधी प्रथिनं, मग भाजी, भाकरी शेवटी. दिवसात ठरलेल्या वेळी चार गोळ्या. वेदनाशामक बंद, लागलं तर पॅरासिटामॉल. मिश्री बंद. पाळलं त्या दिवशी कालनिर्णयवर टिंब, चुकलं तर फुली.

प्रथिनांचं गणित सगळ्यात अवघड निघालं. बायपासनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि सुरुवातीला एका वेळी वाटीभरसुद्धा जात नाही. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच्या वर काही नसतं. अंडं नाही, मांस-मासे नाहीत. आमच्याकडची कळण्याची भाकरी चांगली, ज्वारीत उडीद असतो. पण भाकरीने पोट आधी भरतं. उरलं ते पनीर, घट्ट दही, मूग, सोयाबीन आणि दुधापासूनची प्रथिन पावडर. पावडरला आक्का तयार झाल्या, पण डब्यावर कशापासून बनते ते सुनेकडून वाचून घेतल्यावरच. मग त्यांनी विचारलं, "आणि व्हिटॅमिनच्या त्या मऊ गोळ्या?" बरोबर ओळखलं होतं. मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं. माळकरी माणसाला हे आधी सांगितलं नाही तर तो गुपचूप गोळ्या सोडतो, आणि बायपासनंतर गोळ्या सोडणं म्हणजे दोन-तीन वर्षांत रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, हाडांची झीज. आम्ही सगळी औषधं साध्या गोळ्यांच्या किंवा द्रवाच्या रूपात बसवली. तालमीच्या आधीच त्यांचं बी१२ हद्दीच्या खाली होतं, म्हणून त्याची इंजेक्शनं लगेच सुरू केली.

एकादशीचा प्रश्नही आला. साबुदाण्याची खिचडी बायपासनंतर जवळजवळ नुसती पिष्ट आणि तेल. उपवास सोडा असं मी म्हटलं नाही. दूध, दही, राजगिरा, थोडे दाणे असा उपवास बांधला. कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणाचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, याच सहा आठवड्यांत आले. घरचे रोट संपवायचे असतात, आणि ते संपवण्याचा भार घरच्या बाईवर पडतो. आक्कांनी प्रसादापुरता तुकडा घेतला आणि बाकी भाऊबंदांत वाटून संपवले. सासूबाईंनी हे कसं घेतलं ते मी विचारलं नाही.

कालनिर्णयवर फुल्या होत्या. पहिल्या पंधरवड्यात बऱ्याच, जवळपास सगळ्या मिश्रीच्या. नंतर विरळ झाल्या. वेदनाशामक एकदा घेतलं, तेही येऊन सांगितलं. फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम लावले आणि एक साधी युक्ती सांगितली: चूल जमिनीवरून उचलून ओट्याच्या उंचीवर घ्या, उंच स्टुलावर बसा. गटातल्या बाया आधी हसल्या. नंतर त्यांनाही उंच खापर सोयीचं वाटलं.

नाना

नानांचा विरोध शेवटपर्यंत गेला नाही आणि मला तो घालवायचाही नव्हता. त्यांचा प्रश्न एकच होता, काही बरंवाईट झालं तर? सर्जननी त्यांना समोर बसवून आकडे सांगितले, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अनुभवी ठिकाणी पहिल्या महिन्यात मृत्यूचा धोका साधारण हजारात एक ते तीन. गळती, रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या यांतलं काही होऊन पुन्हा दाखल व्हावं लागण्याची शक्यता याहून बरीच जास्त. वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होतात, त्यासाठी सहा महिने गोळी. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, बहुधा परत येतात.

मधुमेहाबद्दल नाना म्हणाले, "साखर कायमची जाते ना?" इथे बरेच लोक रुग्णाला गोड बोलून गुंतवतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो माणसांवर जो दीर्घ अभ्यास चालला, त्यात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह ओसरलेला होता. १५ वर्षांनी ३० टक्क्यांचा. आजार जुना असेल तर शक्यता आणखी घटते, आणि आक्कांचा नऊ वर्षांचा होता. साखर नक्की सुधारेल, गोळ्या बहुधा कमी होतील, कायमची जाईल असं कुणी लिहून देऊ नये. दुसऱ्या पारड्यात त्याच अभ्यासातली गोष्ट: शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये पुढच्या वर्षांत मृत्यू कमी झाले.

नाना बराच वेळ गप्प होते. मग बायकोकडे बघून म्हणाले, "तुले पटस ना, मंग कर." याला संमती म्हणावं की माघार, मला माहीत नाही. आक्कांना ते पुरलं.

मनोविकारतज्ज्ञांची भेटही झाली होती. रात्रीचं एकदम खाणं हा आजार नसून दिवसभर उपाशी राहण्याचा परिणाम आहे, असं त्यांचं मत पडलं. उदासपणाची औषधं घेण्याजोगी लक्षणं नव्हती. ही भेट लोकांना अपमानाची वाटते, पण शस्त्रक्रियेनंतर दारूचं व्यसन आणि मनाचे आजार काही जणांत वाढतात हे नोंदलेलं आहे. अन्नावर विसावणाऱ्या माणसाचं अन्न काढून घेतलं तर तो कुठे विसावेल, हे आधी विचारायलाच हवं.

निर्णय

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही सगळे पुन्हा बसलो. माझं मत मी स्पष्ट सांगितलं: मिश्री आणखी दोन महिने बंद राहिली तर बायपास करावा, नाहीतर थांबावं. सर्जनचंही तेच. आक्का म्हणाल्या, करायचं.

कधी करायचं यावर मात्र घासाघीस झाली. आक्कांना आखाजीनंतर हवं होतं, म्हणजे लग्नसराईची कमाई बुडणार नाही. मी एप्रिल-मेला ठाम नकार दिला. बायपासनंतरच्या पहिल्या महिन्यांत पाणी गटागटा पिता येत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर घोटाघोटाने भरून काढावं लागतं, आणि पुन्हा दाखल व्हावं लागण्याच्या कारणांत पाणी कमी पडणं अगदी वर आहे. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. त्यात धगीपुढे काम. दिवाळीनंतर केली तर उन्हाळा लागेपर्यंत पाच महिने शरीराला सवय करायला मिळतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या ऑर्डरी गटातल्या दुसऱ्या बाईने हातावर घ्याव्या, आणि आक्कांनी तिला आधी शिकवावं, असं ठरलं. हातावरचा मांडा शिकवायला त्या इतकी वर्षं तयार नव्हत्या. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने ते झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

खर्चाचा अंदाज ३ लाख ६० हजारांचा होता. विमा कंपनीने पहिल्यांदा शंका काढली, मग झोपेचा अहवाल, एचबीए१सी आणि फॅमिली डॉक्टरांची जुनी पानं जोडल्यावर मंजुरी दिली. पावडर, गोळ्या आणि रक्ततपासण्यांचा पुढचा खर्च विम्यात नाही. तो मुलाने दरमहा पाठवायचा असं घरात बोलून ठरलं. मी ते माझ्यासमोर बोलायला लावलं, कारण न बोललेला खर्च सहाव्या महिन्यात बंद होतो.

नंतर

शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या शेवटी झाली. आधीचे दोन आठवडे यकृत आकसावं म्हणून अगदी कमी उष्मांकाचा आहार होता, तो त्यांना सगळ्यात जड गेला. शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ८७ होतं. तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी आल्या आणि टाके, पातळ आहार, पहिली तपासणी होईपर्यंत तिथेच राहिल्या.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत वजन ७४, एचबीए१सी ६.६. मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी साखर एकदम खाली आणणारी गोळी दवाखान्यातून निघतानाच बंद केली होती, दुसरी अर्ध्यावर. छातीतली जळजळ नाही. सीपॅप अजून चालू; झोपेची तपासणी परत होईपर्यंत ते काढायचं नाही. केस गळायला लागलेत आणि त्याने त्या धास्तावल्या आहेत. लोहाची पातळी अपेक्षेपेक्षा खाली आली. चौकशी केल्यावर कळलं की लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सोयीसाठी एकत्र घेतल्या जात होत्या; कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, दोहोंत निदान दोन तासांचं अंतर लागतं. वेळा बदलून दिल्या आणि महिन्याने लोह पुन्हा तपासायचं आहे.

पुरणाचा अर्धा मांडा त्यांनी एकदा खाऊन पाहिला. गुळाने धडधड, घाम, चक्कर, मग संडासला धावपळ. बायपासमध्ये गोड अन्न आतड्यात एकदम उतरल्यावर असं होतं, आणि मी आधी सांगितलेलं होतं. बोटाच्या टोकाएवढं चाखायला हरकत नाही. आखाजीच्या ऑर्डरींसाठी आम्ही असं बसवलं आहे की पुरणाची चव शिकलेली ती दुसरी बाई घेईल, आक्का उंच खापरापुढे एका वेळी दीड तासाच्या वर बसणार नाहीत, आणि शेजारी खुणा केलेली लिटरची बाटली असेल, दर खुणेला वेळ लिहिलेली. गुडघ्यांचं म्हणाल तर उजवा अजून दुखतो. प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार शरीराच्या उतरलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण चार किलोंनी कमी होतो, तेवढा फरक त्यांना जिना चढताना कळतो. झिजलेली कूर्चा मात्र परत येत नाही. सांधा बदलायचा का, ते हाडांचे डॉक्टर वर्षभराने वजन स्थिरावल्यावर बघतील.